साडेतीनशे डॉलरची गोष्ट

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने ती आफ्रिकेतल्या गरिबांना फुकट वाटावीत, एवढीच अट. बड्या परदेशी कंपन्या त्याच उपचाराचे दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या.

यामागे कायदाही होता. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर मक्तेदारी नव्हती, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होती. पद्धत बदला, औषध बनवा. तिकडे ही तीन औषधे तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. त्या एकत्र येणार कशाला? इथे मात्र तिन्ही एकाच गोळीत बसली. सकाळी एक, रात्री एक. अंगठाछाप माणसालाही चुकणार नाही असा हिशेब. (१९३५ मध्ये सिप्ला काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद हे युसूफसाहेबांचे वालिद, हे आमच्या तरुणांना ठाऊक असावे.) २००५ पासून कायदा बदलला, औषधांवरही पेटंट आले, पण तोवर वाट मोकळी झाली होती.

१ एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रांत हे औषध मोफत मिळू लागले. म्हणजे पैशाची अडचण उरली नाही. अडचण आता घरात आहे. डबी तांदळाच्या पिंपात लपवायची, पाहुणे आले की गोळी चुकवायची, मयताच्या बेवेला माहेरी धाडायचे, हे आम्ही मोहल्ल्यांत पाहतो. गोळ्या चुकत राहिल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. मग दुसरी, महागडी औषधे लागतात. उलट नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत औषध सुरू केले, तर बाळही बहुतेक वेळा वाचते.

रमजानबद्दल बरेच जण विचारतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. ती इफ्तारनंतर किंवा सहेरीला घेता येते. वेळ बदलण्याआधी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. ती घेणाऱ्याला घरच्यांनी टोमणे मारू नयेत.

कुणाला बोलायचा संकोच वाटत असेल, तर १०९७ हा सरकारी फोन मोफत आहे. नाव सांगावे लागत नाही.