पोराला साप घेऊन द्यावा का?

परवा रात्री बहिणीचा फोन आला. आवाजातच वैताग होता. "तूच समजाव याला. कुत्रा नको, मांजर नको, साप पाहिजे म्हणतोय. पाळायला!"

भाचा दहा वर्षांचा. फोन त्याच्याकडे गेला आणि साहेबांनी थेट मुद्द्याला हात घातला. "मामा, पहिल्यांदा पाळायला कुठला सोपा? बॉल पायथॉन की कॉर्न स्नेक?"

पोराने अभ्यास केला होता. कुठला किती फूट वाढतो, काय खातो, चावतो का, सगळं पाठ. अमेरिकेतल्या चुलतभावाकडे कॉर्न स्नेक आहे, तो व्हिडिओ कॉलवर दाखवतो. शिवाय इन्स्टाग्रामवर आपल्याकडचीच पोरं गळ्यात अजगर घालून नाचताना दिसतात. मग "त्याला चालतं तर मला का नाही?" हा प्रश्न रास्तच म्हणायचा.

मी त्याला लगेच "नाही" म्हटलं नाही. त्याला जे सांगितलं आणि नंतर बहिणीला जे वेगळं सांगितलं, ते इथे लिहितोय. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईत "एक्झॉटिक पेट" नावाचा बाजार उभा राहिलाय आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे आपली पोरं आहेत.

आधी कायदा, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

आपल्या मातीतला कुठलाही साप घरात पाळता येत नाही. धामण बिनविषारी आहे, गरीब आहे, शेतकऱ्याची मित्र आहे, सगळं खरं. तरी पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. नाग, घोणस आणि धामण आता पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. या अनुसूचीतला प्राणी पकडला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. "शेतात सापडलं, पिल्लू होतं, पोराने बरणीत ठेवलं" हे कोर्टात चालत नाही. मांडुळाच्या नादाने किती जण आत गेले ते पेपरात अधूनमधून येतंच. शिराळ्याच्या नागपंचमीत शेकडो वर्षं चालत आलेली जिवंत नागांची प्रथासुद्धा याच कायद्यापुढे थांबली. मग आपल्या टू बीएचकेचं काय घेऊन बसलात!

परदेशी सापांचा मामला वेगळा. बॉल पायथॉन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे, म्हणून आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. 2024 साली केंद्राने नियम काढले. असा प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली, तरी कळवायचं. कॉर्न स्नेक त्या आंतरराष्ट्रीय यादीत नाही, त्यामुळे त्याला ही नोंदणी लागत नाही. पण म्हणून तो कुठूनही आणला तर चालतो असं नाही. जिवंत परदेशी प्राणी आयात करायला सरकारी परवाना लागतो.

आता मला सांगा, पोरांना इन्स्टाग्रामवर साप विकणारे किती जण हे कागद दाखवतात? "पेपर्स मिळतील ना सर" एवढंच उत्तर येतं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून साप पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. कापडी पिशव्यांत, बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले जीव. जे पकडले जातात ते बातमीत येतात. जे सुटतात ते कुणाच्या तरी घरात वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून पोचतात. आपण पोराला साप घेऊन देतो तेव्हा या साखळीचं शेवटचं टोक आपल्या हातात असू शकतं, हे आधी लक्षात घ्या.

"पण अमेरिकेत चालतं ना?"

चालतं. तिथे कॉर्न स्नेक हा त्यांच्याच मातीतला साप, आणि तो पिढ्यान्पिढ्या बंदिस्त जागेत पैदास झालेला मिळतो. खायला गोठवलेले उंदीर दुकानात मिळतात. सापाला तपासणारा डॉक्टर मिळतो. त्या व्यवस्थेत कुणी मला "मुलासाठी पहिला साप कुठला" असं विचारलं तर मी कॉर्न स्नेकच सांगेन. साधारण तीन ते पाच फूट, स्वभावाने शांत, खायला कुरकुर करत नाही. बॉल पायथॉन दिसायला गोंडस, पण लहरी. काही वेळा महिनोन्‌महिने खात नाही आणि घरचे घाबरतात. त्याला "बॉल" का म्हणतात माहितीये? घाबरला की स्वतःचं डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो म्हणून. म्हणजे रीलवर ज्याला आपण "किती क्यूट" म्हणतो, तो बरेचदा भेदरलेला जीव असतो.

आणि तिथेही सगळं गोड नाही. फ्लोरिडात लोकांनी हौसेने बर्मी अजगर आणले, काही सुटले, काही झेपले नाहीत म्हणून सोडून दिले. आज एव्हरग्लेड्सच्या दलदलीत ते हजारोंनी आहेत आणि तिथले ससे, रॅकून, ओपॉसम जवळजवळ संपवलेत. एका पिढीच्या हौसेचं बिल अख्खं जंगल भरतंय.

मग मी बहिणीला जे सांगितलं ते हे.

एक. बॉल पायथॉन चांगला सांभाळला तर वीस ते तीस वर्षं जगतो. कॉर्न स्नेकही पंधरा-वीस वर्षं. आज भाचा दहाचा आहे. त्याची दहावी, बारावी, कॉलेज, नोकरी, कदाचित लग्न, सगळं त्या सापासमोर होणार. तो होस्टेलला गेला की साप कुणाचा? तुझा. म्हणून "मुलासाठी साप" असं काही नसतंच. साप घरातल्या मोठ्या माणसाचा असतो, मूल फक्त मदत करतं. आईवडिलांपैकी एकाला स्वतःला साप हवा नसेल, तर विषय तिथेच संपला.

दोन. साप भाजी-भाकरी खात नाही, आणि दूध तर अजिबात नाही. नागपंचमीचं दूध म्हणजे तहानलेल्या जनावरावर केलेला अत्याचार आहे. सापाला उंदीर लागतात, अख्खे. म्हणजे तुझ्या फ्रिजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी मेलेले उंदीर ठेवायचे. सासूबाईंना विचारलंस का?

तीन. हे परदेशी साप स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाहीत. पिंजऱ्याच्या एका टोकाला तीस-बत्तीस अंश, दुसऱ्या टोकाला थोडं गार, शिवाय योग्य ओलावा, आणि हे सगळं थर्मोस्टॅट लावून चोवीस तास. जानेवारीत पुण्याची थंडी आणि रात्री गेलेली लाइट, यांचं काय करणार? आणि आजारी पडला तर? कुत्र्या-मांजराचा डॉक्टर प्रत्येक उपनगरात आहे. साप हाताळणारा शोधून दाखव.

चार. सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. साप निरोगी दिसत असला तरी. पाच वर्षांखालच्या मुलांनी सरपटणारे प्राणी हाताळूच नयेत, असं डॉक्टर सांगतात. घरात धाकटी लेक तीन वर्षांची आहे ना तुझी?

बहीण म्हणाली, "बास, कळलं." पण खरं कारण मी अजून सांगितलंच नव्हतं.

माझी भीती त्या पाळलेल्या सापाची नाहीच. तो बिचारा काय करणार? माझी भीती पोराच्या हाताची आहे. एकदा का हाताला सवय लागली, की साप म्हणजे उचलायची वस्तू, की मग तो हात पिंजऱ्यापाशी थांबत नाही.

आपण ओहायोत राहत नाही, महाराष्ट्रात राहतो. इथे नाग आहे, मण्यार आहे, घोणस आहे, फुरसं आहे. देशात सर्पदंशाने मरणाऱ्यांचा अभ्यासकांनी काढलेला अंदाज 2000 ते 2019 या काळासाठी वर्षाला सरासरी 58 हजारांचा आहे. घोणशीच्या अंगावरचे साखळीसारखे गोल ठिपके पाहून चांगली चांगली माणसं तिला अजगराचं पिल्लू समजतात. पावसाळ्याच्या तोंडावर घोणस पिल्लं घालते, अंडी नाही, आणि त्या वीतभर पिल्लालाही पहिल्या दिवसापासून विष असतं. ज्या पोराने दोन वर्षं घरात अजगर कुरवाळलाय, त्याला सोसायटीच्या बागेत असं पिल्लू दिसलं तर तो काय करेल? लांब सरकेल की "मम्मी, बेबी पायथॉन!" म्हणून उचलेल?

तेच मण्यार आणि कवड्याचं. कवड्या बिनविषारी, मण्यार जहाल. दोघंही काळपट, दोघांवर पांढरे पट्टे, दोघंही रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे थोडे मागून सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. हे वाचायला सोपं आहे. रात्री दहा वाजता, मोबाइलच्या उजेडात, सळसळत्या जनावरावर हे ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं. दहा वर्षांच्या पोराने ते ओळखायची गरजच नाही. त्याने फक्त मागे सरकायचं.

इथे काही सर्पमित्रांनाही दोन शब्द. सगळ्यांना नाही. रात्री-अपरात्री फुकट धावून जाणारे कितीतरी मित्र आहेत, त्यांना सलाम. पण फणा काढलेल्या नागासोबत सेल्फी, गळ्यात धामण, जमलेल्या पोरांच्या हातात साप देणं, हे जे चालतं ना, त्याने लोकांची भीती जात नाही, सावधपणा जातो. साप पकडायचा, पिशवीत घालायचा, वनखात्याला कळवायचं, सोडायचा. एवढंच काम. प्रेक्षक कशाला लागतात?

मग पोराचं कुतूहल मारायचं का? अजिबात नाही! सापाला घाबरून काठी शोधणाऱ्या पिढ्या आपण पुष्कळ पाहिल्या. ज्या पोराला साप आवडतो ते पोर सोन्याचं आहे. त्याला साप घेऊन देऊ नका, सापाची माहिती द्या.

भाच्याशी माझा सौदा असा ठरलाय. कात्रजच्या सर्पोद्यानात महिन्यातून एकदा आम्ही दोघं जाणार. एक वही करायची. एका पानावर एक साप: चित्र, मराठी नाव, खातो काय, राहतो कुठे, विषारी की बिनविषारी. आधी चार विषारी, मग धामण, दिवड, कवड्या, तस्कर, हरणटोळ. हात लावायचा नाही, लांबून बघायचं. साप दिसला तर तीन पावलं मागे आणि मोठ्या माणसाला हाक. वनखात्याचा 1926 आणि ॲम्ब्युलन्सचा 108 हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर. दंश झाला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. चावलेला अवयव हलवू न देता थेट सरकारी दवाखाना. हे त्याला तोंडपाठ पाहिजे.

दोन वर्षांनी, बाराव्या वर्षी, त्याची वही भरलेली असेल आणि तरीही त्याला साप पाळायचा असेल, तर पुन्हा बोलू असं कबूल केलंय. तेव्हाही अट हीच: साप आईच्या नावावर, पैदास कुठे झाली त्याचा कागद, बिल, लागू असेल तिथे नोंदणी, आणि डॉक्टर आधी शोधायचा, साप नंतर. यातलं एक जरी नसेल तर नाही.

आता सरकारकडे दोन मागण्या.

पहिली, वनखात्याने विकत घेणाऱ्याला तपासता येईल अशी सोय करावी. विक्रेत्याने दाखवलेला नोंदणीचा कागद खरा की खोटा, हे सामान्य माणसाला घरबसल्या कळलं पाहिजे. नियम मालकासाठी केले, गिऱ्हाइकाला मात्र अंधारात ठेवलं, तर चोरटा माल विकला जाणारच.

दुसरी, केंद्राने 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणतात. चांगलं आहे. मग दर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात एक तास सापांचा का नाही? चार चित्रं, दोन फोन नंबर, पाच नियम. याला बजेट लागत नाही. झेडपीच्या शाळेतल्या पोराला याची गरज माझ्या भाच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याच्या घरात साप कुणी विकत आणून देत नाही, तो दाराच्या फटीतून आपणहून येतो, आणि पोर जमिनीवर झोपलेलं असतं.

काल भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. वहीचं पहिलं पान. घोणस काढलीय, ठिपके जरा जास्तच मोठे झालेत. खाली लिहिलंय: "अजगर नाही. हात लावू नये."

तुमच्या घरात असा हट्ट चालू असेल तर ही पोस्ट त्या आईबापांपर्यंत पोचवा. आणि कुणी परदेशी साप नियमाने, कागदपत्रांसह सांभाळत असेल तर खरा अनुभव कमेंटमध्ये लिहा, खर्चासकट. रील नको.