एकदा सांगितलं, पुरे झालं



परवा फोनवर लेक म्हणाली, "आई, डोन्ट बिलेबर द पॉइंट." मला त्यातला 'लेबर' तेवढा कळला. वाटलं, 'एवढे कष्ट नको घेऊस' असं म्हणत असेल. मनातून बरंच वाटलं! फोन ठेवून शब्दकोश उघडला आणि चेहरा उतरला.

समोरच्याला मुद्दा कळल्यावरही तोच ताणत राहणं, म्हणजे 'बिलेबर द पॉइंट'. नुसतं 'लेबर द पॉइंट' असंही म्हणतात, अर्थ तोच. त्यात कष्ट आहेतच, पण 'बिलेबर' या क्रियापदाचा जुना अर्थ आहे बडवून काढणं. काठीने बिलेबर केलं, म्हणजे काठीने झोडपलं. सभेत वक्ते "आय डोन्ट वॉन्ट टू बिलेबर द पॉइंट" म्हणतात आणि पुढे अर्धा तास बोलतात, तोच हा शब्द.

आपल्याकडे याला दळण दळणं म्हणतात, चऱ्हाट लावणं म्हणतात. पण इंग्रजीने त्यातला मार नेमका पकडला आहे.

त्या दिवशी झालं होतं एवढंच. लेक पुण्यात नोकरी करते. मी म्हटलं, "सूर्यास्ताआधी जेवत जा." ती म्हणाली, "हो आई, डबा पाचलाच खाते मी." विषय तिथेच संपला होता. पण मी रात्रिभोजनाचे दोष सांगितले, आजीचं उदाहरण दिलं, शेजारच्या मुलीचं दिलं, पुन्हा दोषांवर आले. ती 'हं' म्हणत राहिली. हल्ली तिचे फोन का आखूड होतात, हे मला तेव्हा कळलं.

आपण मुंगीला पाय लागू देत नाही, पाणी गाळून घेतो. भाषा समितीबद्दल स्वाध्यायात ऐकतो, की बोलणं हिताचं, मोजकं आणि गोड असावं. मला वाटतं, यातलं 'हिताचं' तेवढं आपण घट्ट धरतो आणि 'मोजकं' सोडून देतो. तुझ्या भल्यासाठीच सांगते, असं म्हटलं की कितीही बोलायला आपल्याला मोकळीक मिळते. सुनेला आमटीची फोडणी चौथ्यांदा सांगताना आपल्याला ती शिकवण वाटते. तिला मात्र ऐकू येतं, 'तुला काही येत नाही.'

कुणी म्हणेल, पाठशाळेत गुरुजीही तेच तेच घोकून घेतात, जपमाळेतही एकच मंत्र १०८ वेळा म्हणतो. खरं आहे. पण मूल तिथे शिकायलाच बसलेलं असतं, आणि जप आपण स्वतःसाठी करतो. दुसऱ्याच्या कानावर मारा होतो तो न मागता केलेल्या पुनरुक्तीचा.

म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे. समोरच्याने 'हो' म्हटलं की थांबायचं. पुढचं वाक्य ओठांवर आलंच, तर स्वतःला विचारायचं, हे तिच्यासाठी बोलतेय की माझ्या काळजीसाठी? नियम दोन दिवसांत तीनदा मोडला, हेही सांगते.

रविवारी तिला फोन केला. "कशी आहेस?" एवढंच विचारलं आणि गप्प बसले. फार जड गेलं. पण ती वीस मिनिटं बोलली. ऑफिसमधला त्रास, खोलीतली मैत्रीण, सगळं. शेवटी आपणहून म्हणाली, "आणि जेवण झालंय हं, सहा वाजताच."

मी फक्त 'बरं' म्हटलं.