सुरी आधी कुणाच्या बोटावर?

श्रीगोंद्याला संत शेख महंमदांची समाधी आहे. 'योगसंग्राम' लिहिणारे हे सतराव्या शतकातले संतकवी. त्यांची एक आख्यायिका सांगतात. घरचा धंदा खाटकाचा. वडिलांनी बोकड कापायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सुरी आधी स्वतःच्या बोटावर ओढून पाहिली. कळ मस्तकात गेली आणि बोकड सुटला.

फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीत, जिच्यावरून १९८२ साली 'ब्लेड रनर' हा चित्रपट निघाला, परक्याची कळ कुणाला लागते हे मोजून माणूस आणि अँड्रॉइड (कृत्रिम माणूस) वेगळे ओळखायची एक चाचणी आहे. वाढदिवसाला वासराच्या कातड्याचं पाकीट मिळालं तर काय कराल, असे प्रश्न विचारायचे आणि गालाच्या केशवाहिन्या किती फुलतात, डोळ्यांचे स्नायू किती हलतात ते यंत्रानं मोजायचं. काटा हलला नाही, की समोरचा अँड्रॉइड. मग त्याला मारायला मोकळीक.

यावरून सरसकट म्हटलं जातं, की ज्याला परक्याचं दुःख कळतं तोच माणूस. मला हे मान्य नाही. काही मनोरुग्ण माणसंही या चाचणीत नापास होतील, ही धास्ती कादंबरीतल्या पोलिसांनाच आहे. चेहऱ्यावर काही उमटत नाही म्हणून एखाद्या स्वमग्न मुलाला आपण माणसांतून वजा करणार का? दुसरीकडे, सांत्वनाचं पत्र आज यंत्रही नीटनेटकं लिहून देतं.

कादंबरीतला खरा पेच तर पुढेच आहे. लूबा लुफ्ट ही अँड्रॉइड गायिका, गळा देवाघरचा. रेश हा अँड्रॉइडांचा शिकारी तिच्यावर थंडपणे शस्त्र चालवतो. हा रेशच अँड्रॉइड असणार, असं कादंबरीचा नायक डेकार्ड, तोही शिकारीच, याला वाटतं. पण चाचणी म्हणते, माणूस. तेव्हा डेकार्ड तेच यंत्र स्वतःला लावून घेतो. कळवळ्याचं माप मला इथे पटतं. ज्याच्या हातात सुरी आहे, त्याला ते लावायचं. परक्याचं दुःख तुला कळतं का, असं श्रीगोंद्यात बोकडाला कुणी विचारलं नव्हतं.

हा वाद दूरच्या भविष्याचा आहे, असं कुणी म्हणू नये. ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्याला 'अर्धा कोयता'. उचलही कोयत्यामागे ठरते. हाडामासाच्या माणसांना अवजाराचं नाव देताना कुठलीच चाचणी लागली नाही. अंधारात उठून भाकऱ्या थापून फडात उतरणारी बाई त्या हिशेबात निम्मं अवजार. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडला तर तिच्या मजुरीतून कापून घेणारे मुकादम आहेत. बोट पुढे करायची वेळ त्यांची आहे, कारखान्याची आहे, आणि माझीही. त्या उसाची साखर रोज सकाळी माझ्या चहात पडते.