सूत्रग्राहीची विद्या लिहून ठेवा!

उलव्याच्या एका अंगाला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आहे, तर दुसऱ्या अंगाला २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. परंतु डोंगर जमिनीवर हलण्यापूर्वी तो आरेखकाच्या संगणकावर हलतो. विकासाच्या या पायाभूत विद्येकडे समाजाचे क्वचितच लक्ष जाते. आज ती एका वळणावर उभी आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले, तेव्हापासून आरेखनफळ्याची जागा हळूहळू संगणकाने घेतली. आता पुढचे पाऊल पडत आहे. साध्या भाषेत सांगितलेले काम समजून घेऊन आरेखनाच्या आज्ञा स्वतःच चालविणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' येत आहेत. अडचण अशी की, या आज्ञांची माहितीपुस्तके डोळे असलेल्या माणसासाठी लिहिलेली आहेत. समांतर रेषा काढणाऱ्या 'ऑफसेट' या आज्ञेचेच पाहा. अंतर द्या आणि हव्या त्या बाजूस टिचकी मारा, एवढे सांगितले की माणसाचे भागते. यंत्राला 'हवी ती बाजू' कोणती, हे कोण सांगणार? '३' हा आकडा तीन मिलिमीटर की तीन मीटर? इमारतीभोवती तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडत नाहीत, हे अनुभवी आरेखक जाणतो. यंत्राला ते लिहूनच द्यावे लागते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १९८४ च्या जानेवारीत उलव्याशेजारच्या जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला; पाच जणांनी प्राण वेचले. त्या संघर्षातून प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क उभा राहिला. रक्ताने मिळविलेला तो भूखंड आज आरेखनात चार रेषांची एक चौकट असतो. चौकट एका कोपऱ्यात केसभर उघडी राहिली, तर डोळ्यांना ती बंदच दिसते. संगणकाचे क्षेत्रफळाचे गणित मात्र तेथे अडते वा चुकते.

याचे उत्तर आपल्याकडे आहे. पुण्यात विकसित झालेली 'ऑटोडीसीआर' ही प्रणाली बांधकामाचे नकाशे विकास नियंत्रण नियमांशी ताडून पाहते. तिची अट साधी आहे. प्रत्येक घटक ठरलेल्या नावाच्या लेअरवर हवा, भूखंडाची सीमा बंद हवी. रेषेचा अर्थ आधी लेखी ठरला, तरच यंत्र तपासणी करू शकते, हा त्यातील धडा.

आपल्या वास्तुग्रंथांनी स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार शिल्पी सांगितले. मापदोरी धरून आखणी करणारा सूत्रग्राही म्हणजेच आजचा आरेखक. मात्र ग्रंथांबाहेरची हातातली विद्या बरीचशी हातांबरोबरच लोपली. उरलेली ग्रंथांतून वेचण्यासाठी रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांच्यासारख्या अभियंत्याला आयुष्य वेचावे लागले. ती चूक पुन्हा करावयाची काय?

यंत्राला शिकवून आपल्याच पोटावर पाय का आणावा, असा प्रश्न आरेखक विचारील. तो रास्त आहे. परंतु आपण लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहील, आणि ते त्यांच्या संकेतांनुसार लिहील. अमेरिकेत यंत्रभागांची आरेखने तृतीय कोन पद्धतीने काढतात. आपल्या भारतीय मानक ब्युरोने प्रथम कोन पद्धत स्वीकारली आहे. दोहोंत दृश्यांच्या जागा उलट होतात. तेव्हा 'स्व'चा आग्रह येथे भावनेपुरता उरत नाही, भाग बरोबर बनण्याशी त्याचा संबंध येतो. शिवरायांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तो राज्य आपल्या शब्दांत चालावे म्हणूनच.

मग करावयाचे काय? आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी निवृत्त आरेखकांना सोबत घ्यावे. फ्रीकॅडसारख्या मुक्त प्रणालीतील प्रत्येक साधनासाठी मराठीत एक पान लिहावे. साधन काय घेते, कोणत्या एककात, काय देते, केव्हा नकार देते, आणि नवशिका कोठे चुकतो, एवढेच त्यात असावे. ते पान यंत्राला उपयोगी पडेलच. पण गावातून आलेल्या विद्यार्थ्यालाही पडेल. लिहिणाऱ्याला मानधन आणि श्रेय दोन्ही मिळावे. शेवटच्या नकाशावर जबाबदार माणसाचीच स्वाक्षरी असावी.

भारतीय मजदूर संघ १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. येत्या जयंतीला पूजेबरोबर असे एक पान प्रत्येक जाणत्या आरेखकाने लिहावयास घ्यावे.