चार किलोंचा हिशेब

रायफल हा विषय रविवारच्या पुरवणीत कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या दारव्ह्याच्या रस्त्यांवर सापडते. पोलीस किंवा सैन्यभरतीची जाहिरात निघाली, की यवतमाळ रोडवर आणि दिग्रस रोडवर पहाटेच्या अंधारात पोरे धावताना दिसतात. घरी आई त्यांच्यासाठी चणे भिजवून ठेवते, बाप धाप लागेपर्यंत सायकलवरून वेळ मोजतो. यातल्या ज्याची निवड होईल, त्याच्या हातात उद्या रायफल येणार. ती किती हलकी असावी आणि किती टिकाऊ असावी, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे.

मी शस्त्रांचा जाणकार नव्हे. शाळेत विज्ञान शिकवण्यात उमर गेली. पण धातू कधी वाकतो आणि प्लास्टिक कधी तडकते, हे शिकवता शिकवता या विषयाचे कुतूहल जडले ते कायमचे.

आधी वजनाचा हिशेब पाहू. एनसीसीच्या शिबिरात आम्ही खांद्यावर घ्यायचो ती थ्री-नॉट-थ्री सुमारे चार किलोंची. लाकडी दस्ता, बाकी सारे पोलाद. त्यानंतर सैन्याच्या हाती आलेली एसएलआर चार किलोंहून जडच होती. पुण्याच्या पाषाण येथील एआरडीई या संस्थेने इन्सास तयार केली, ती १९९० च्या दशकात सैन्यात आली. लाकूड गेले, प्लास्टिक आले, तरी काटा चार किलोंच्याच आसपास राहिला. याच संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये पुढे आणलेली 'उग्रम'ही चार किलोंच्या किंचित आतच आहे. शंभर वर्षांत नवे धातू आले, नवी प्लास्टिके आली. चार किलो मात्र जिथल्या तिथे!

मग हलकेपणा गेला कुठे? बराचसा काडतुसात गेला. एसएलआरचे ७.६२ मिमीचे काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, इन्सासचे ५.५६ मिमीचे साधारण १२ ग्रॅमचे. शंभर काडतुसांमागे सुमारे बाराशे ग्रॅम वाचले. पण तेवढ्यात जवानाच्या अंगावर गोळीरोधक जाकीट चढले, शिरस्त्राण जड झाले, रायफलीवर दुर्बीण बसली. एकीकडे वाचवलेले दुसरीकडे खर्च झाले. आपल्या घरखर्चाचेच पाहा ना! म्हणून दर शंभर ग्रॅमसाठी कारागीर झगडतो, आणि तो झगडा योग्यच आहे. दमलेल्या माणसाचा नेम चुकतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण हलके करायचे म्हणजे नेमके काय करायचे? पोलादाच्या तुलनेत ॲल्युमिनियमचे वजन एकतृतीयांश. आमच्याकडे त्याला 'जर्मन' म्हणतात. जर्मनचे पातेले कसे पोचते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. त्यात जस्तासारखे धातू मिसळले की ते साध्या पोलादाइतकी ताकद दाखवते. आपल्या नागपूरच्या अंबाझरी आयुध निर्माणीत अशाच मिश्रधातूंचे काम चालत आले आहे. तरी ताठपणा तिसऱ्या हिश्शाचाच राहतो, आणि वारंवार ताण पडत राहिला की लहानशी चीर वाढत जाते. प्लास्टिक त्याहून हलके. ते गंजत नाही, उन्हात धातूसारखा चटका देत नाही. पण कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते, उष्णतेत नरम पडते, आणि सतत दाबाखाली राहिले की हळूहळू आकार सोडते.

याचा अनुभव देशाने १९९९ मध्ये कारगिलला घेतला. इन्सासची ही पहिली मोठी लढाई. द्रास भागातल्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जातात, अशा तक्रारी आल्या. मॅगझिन म्हणजे काडतुसांची डबी. दिसायला रायफलीतला सर्वांत गरीब भाग, पण तिच्या वरच्या दोन ओठांच्या मध्ये काडतूस नेमक्या जागी धरलेले असते. ते ओठ जरासे फाकले किंवा डबी चिरली, की उत्तम नळी आणि उत्तम नेम यांचा काही उपयोग उरत नाही.

या डबीची कथा इतर देशांतही हीच. रशियनांनी कलाश्निकोव्हसाठी आधी जाड पोलादी मॅगझिन केले. जड वाटले म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमचे केले. ते हलके झाले, पण मऊ धातू सहज पोचू लागला. शेवटी त्यांनी अंग प्लास्टिकचे ठेवले आणि ओठांना व अडकवण्याच्या खुंट्यांना आतून पोलाद घातले. हे वाचले तेव्हा मला आपला वखर आठवला. वखराचे खोड बाभळीचे असते, पण मातीत घासणारी पास लोखंडाचीच. सगळा वखर लोखंडाचा केला तर बैल मरतील. पासही लाकडाची केली तर ती पहिल्याच तासाला झिजेल. सुताराला आणि लोहाराला हे कुणी शिकवले नव्हते. झीज कुठे होते, हे ते रोज बघत होते.

याच कलाश्निकोव्हची १९५९ ची सुधारित आवृत्ती आणखी एक धडा देते. आधी तिचा गाभा पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढत. पुढे तो सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला घड्या देऊन बनवला. रायफल बरीच हलकी झाली, आणि तरी पोलाद पोलादच राहिले. हलकेपणा नेहमी पदार्थ बदलूनच येतो असे नाही. पत्र्याची घडी नीट घातली तरी येतो.

इथे कुणी म्हणेल, मग जुने तेच सोने! तेही खरे नाही. अमेरिकेच्या एम-१६ चा गाभा ॲल्युमिनियमचा. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास ती ऐन वेळी अडकू लागली, तेव्हा अनेकांनी तिला खेळणे म्हणून हिणवले. पण दोष त्या हलक्या धातूचा नव्हता. काडतुसातली दारू बदलली होती, काडतूस बसते त्या जागेला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, आणि साफसफाईचे साहित्यही जवानांना पुरेसे दिले नव्हते. हे सुधारल्यावर तीच रायफल पुढे अनेक दशके चालली. क्रोमच्या त्या थराचे वजन ते कितीसे? टिकाऊपणा नेहमी किलोंनीच विकत घ्यावा लागतो असे नाही.

जर्मनीचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. तिथे १९९० च्या दशकात प्लास्टिकच्या अंगाची जी-३६ रायफल आली. वापरायला सुटसुटीत. पण तापल्यावर तिचा नेम ढळतो असे तपासणीत दिसले, आणि २०१५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी, आहे त्या रूपात तिला भविष्य नाही, असे जाहीर केले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. करारात जे ठरले होते, त्यात रायफल कमी पडत नव्हती! सरकारने जे मागितलेच नाही, त्याची हमी कंपनी कशी देणार?

माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म इथे आहे. हलके विरुद्ध टिकाऊ अशी ही लढाईच नव्हे. वजन जवान वाहतो आणि मोडण्याची किंमतही तोच मोजतो. ठरवणारे मात्र टेबलापाशी बसलेले असतात. त्यांच्या तराजूत वजन आणि किंमत लगेच दिसते. टिकाऊपणा दिसायला दहा वर्षे लागतात, आणि तोवर खुर्चीवर दुसरा माणूस आलेला असतो.

म्हणून सामान्य नागरिकाच्या नात्याने तीन अपेक्षा मांडतो. पहिली, प्रत्येक भागाची परीक्षा जिथे तो वापरला जाणार तिथल्या हवेत व्हावी. द्रासच्या थंडीत, गडचिरोलीच्या पावसात आणि आमच्या वैशाखातल्या पंचेचाळीस अंशांत उभ्या असलेल्या बंद जीपमध्येही. तीही कोऱ्या भागाची नव्हे, तर चार वर्षे वापरून, आपटून, उन्हात पडून जुन्या झालेल्या भागाची. दुसरी, मॅगझिन आणि स्प्रिंग या झिजणाऱ्या वस्तू आहेत हे मान्य करून त्या ठरल्या मुदतीत बदलाव्यात. तडा जाण्याची वाट पाहू नये. तिसरी आणि महत्त्वाची, जवानाची तक्रार कारखान्यातल्या अभियंत्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचावी. 'वापरणाऱ्याने काळजी घेतली नाही' हा शेरा मारणे फार सोपे असते.

नळी, बोल्ट, घोड्याची टाचणी आणि स्प्रिंग यांच्या पोलादात काटकसर नको. दस्ता, मूठ आणि बाकीचे अंग खुशाल हलके करा. वखराच्या पाशीइतके साधे हे गणित आहे. ते सोडवताना काट्यावरच्या आकड्याबरोबर ज्याच्या खांद्यावर ते चार किलो जाणार आहेत, त्यालाही विचारावे, एवढेच मागणे आहे.