उचल नको, भांडवल हवे!

'एंजल इन्व्हेस्टर' हा शब्द आता पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. उद्योग अजून कागदावरच असताना त्याला स्वतःच्या खिशातून पैसा देणारा आणि त्या बदल्यात व्याज न मागता मालकीचा हिस्सा घेणारा धनिक, असा त्याचा अर्थ. हा शब्द संगणकाच्या जगात जन्मला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाट्यव्यवसायातला. नाटक रंगमंचावर आणण्यासाठी पैसा लावणाऱ्या धनिकांना तेथे 'एंजल', म्हणजे देवदूत म्हणत. १९७८ साली न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील विल्यम वेट्झेल यांनी तो नवोद्योगांच्या भांडवलदारांसाठी वापरला आणि पुढे तो रूढ झाला. ज्या करमणुकीच्या व्यवसायाने जगाला हा शब्द दिला, त्याच व्यवसायात पाऊल टाकू पाहणाऱ्या ग्रामीण मराठी तरुणाला मात्र हा देवदूत भेटत नाही, हे कटू वास्तव आहे.

पुणे-अहिल्यानगर मार्गावरील कोरेगाव भीमाचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले, जमिनींना सोन्याचा भाव आला आणि भीमेकाठच्या या पट्ट्यात पैसा खेळू लागला. तो गेला कोठे? बंगल्यांत, मोटारींत, प्लॉटमध्ये, मंगल कार्यालयांत आणि लग्नाच्या थाटामाटात. अशा गावातला एखादा तरुण फिरते नाट्यगृह, ध्वनिमुद्रणाची खोली किंवा लोककलेचे कार्यक्रम सादर करणारी संस्था काढतो म्हणाला, तर त्याला दोनच उत्तरे मिळतात. एक, 'व्याजाने घे.' दुसरे, 'देणगी देतो, पावती कर.' 'मी भागीदार होतो, बुडाले तर दोघांचे आणि तरले तर दोघांचे,' हे तिसरे उत्तर देणारा विरळाच. खरा रोग येथे आहे.

या रोगाचे परिणाम पाहण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. याच शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाच्या इतिहासातील मानाचे गाव. अनेक फडांसाठी वग आणि लावण्या लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव तर तमाशाची पंढरीच. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरी येऊन सुपाऱ्या ठरवतात. तमाशाचा फड म्हणजे काय? कलावंत, वादक, कामगार, मालमोटारी, तंबू, कनाती, दिवे आणि ध्वनियंत्रणा घेऊन हंगामभर फिरणारा पूर्ण उद्योग. पण या उद्योगाचे भांडवल येते कोठून? हंगाम उघडण्यापूर्वी कलावंताला उचल द्यावी लागते. त्यासाठी फडमालक सावकाराकडून पैसा उचलतो. हंगामात मिळवायचे आणि व्याजात घालवायचे. पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच दारात उभे राहायचे.

अवकाळी पाऊस आला, यात्रा रद्द झाली, तरी व्याजाची तारीख चुकत नाही. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे कोरोनाच्या साथीमुळे यात्राच भरल्या नाहीत. फडांचे तंबू गुंडाळलेले राहिले. कर्ज मात्र वाढतच राहिले. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळवणाऱ्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या, तेव्हा अखेरच्या उपचारांच्या खर्चासाठी इतरांना पुढे यावे लागले. पुढे शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हे योग्यच झाले. परंतु आयुष्यभर कर्ज द्यायचे आणि मरणोत्तर गौरव करायचा, याला कलेची कदर म्हणायचे काय?

मराठी माणसाला दुसरी वाट ठाऊक नव्हती, असेही नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाण्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा छोटा चित्रपट करून दाखवला, तेव्हा कोठे पैसा देणारा मिळाला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या यज्ञात पडले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, तो असा ऋण काढून. याउलट १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन झाली, तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर या चार कलावंतांच्या जोडीला सीतारामपंत कुलकर्णी हे सराफ भागीदार म्हणून उभे राहिले. सराफाला व्याजबट्टा कळत नव्हता काय? चांगलाच कळत होता. तरीही ते सावकार झाले नाहीत, भागीदार झाले. त्या भागीदारीच्या पायावर १९३३ साली पुण्यात चित्रनगरी उभी राहिली आणि तिच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

करमणुकीचा धंदा बेभरवशाचा, हा आक्षेप ठरलेला असतो. मग ऊस काय भरवशाचा होता? १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली प्रवरेच्या शेतकऱ्यांनी स्वतःचे भाग घेऊन साखर कारखाना उभारला, तेव्हा तोही जुगारच मानला गेला असता. भीमा-घोडच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला 'शेअर' हा शब्द शिकवावा लागत नाही. एकाने सर्वस्व पणाला लावण्यापेक्षा पन्नास जणांनी झेपेल तेवढेच लावणे, यातच जोखमीचे उत्तर आहे.

सरकार काय करते, हा दुसरा प्रश्न. १९९८ साली सुषमा स्वराज माहिती व प्रसारण मंत्री असताना चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा जाहीर झाला आणि तिला संस्थात्मक कर्जाची दारे उघडली. तमाशाच्या वाट्याला आले ते अनुदान. अनुदान एक हंगाम निभावते. उद्योग उभा करत नाही. नवोद्योगात आलेल्या गुंतवणुकीवर 'एंजल टॅक्स' म्हणून २०१२ साली लादलेला करही २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. खासगी कंपनीला दोनशेपर्यंत सभासद घेता येतात. जाहिरात देऊन लोकांकडून भाग गोळा करता येत नाहीत, पण ओळखीच्या पंधरा-वीस जणांना भागधारक करून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा आडकाठी कायद्यात नसून मनात आहे.

मात्र दोष एकट्या धनिकाचा नाही. भांडवल मागणाऱ्याने वही उघडी ठेवली पाहिजे. किती सुपाऱ्या मिळतील, प्रवासावर किती जाईल, पावसाने बुडालेला खेळ कोणाच्या खाती पडेल, याचा लेखी हिशेब नसेल तर शहाणा माणूस पैसा कशाला देईल? १९१८ साली फाळक्यांनी भागीदार घेऊन 'हिंदुस्थान फिल्म कंपनी' काढली. पण कारभारावरून मतभेद झाले, ते उद्विग्न होऊन काशीला गेले आणि १९२२ साली परतले. भागीदाराने कलेत ढवळाढवळ करू नये आणि कलावंताने हिशेबाला अपमान मानू नये, हा त्यातला धडा. दोघांचे अधिकार आधी कागदावर लिहावेत. मैत्री नंतरही टिकते.

ज्या समाजाला यात्रेत रात्रभर करमणूक हवी, त्याने तिच्या तोट्याचाही वाटा उचलला पाहिजे. तो वाटा एकट्या फडमालकाच्या, आणि त्याच्यामागून नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या माथी मारणे हा सरळ अन्याय आहे. कारखान्यांनी आणि जमिनींनी ज्यांना सुस्थितीत आणले, अशी माणसे कोरेगाव भीमापासून शिरूरपर्यंत गावोगाव आहेत. त्यांना देवदूत होण्याची गरज नाही. सराफ कुलकर्ण्यांसारखे भागीदार व्हावे, एवढेच पुरे. आपल्या मातीतील कलेला उपकार नकोत आणि व्याजही नको. तिला हिशेबाचे, हक्काचे भांडवल हवे.