हार्ड डिस्क बिघडली, की वीज अपुरी?
लग्नाची छायाचित्रे जपलेली बाह्य हार्ड डिस्क डेस्कटॉपला जोडताच नुसती टकटक करते, उघडत नाही. अशा वेळी पडद्यावर ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना उमटली, तरी ती मुळीच मानू नये, छायाचित्रे जातील. पुष्कळदा उणीव विजेची असते. प्रमाणानुसार यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देते, ३.० चे (बहुधा निळे) ९००. डिस्क फिरू लागताना मागणी क्षणभर त्याहून वाढू शकते. खात्यात शिल्लक नसता धनादेश वटावा कसा? पुढची पोर्टे मदरबोर्डला आतील बारीक तारांनी जोडलेली असतात. म्हणून डिस्क मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावावी. तेथेही टकटक थांबली नाही, तर पुनःपुन्हा प्रयत्न न करता उचगावहून सरळ कोल्हापूर गाठून जाणकाराला दाखवावी.